शेकोटीची हौस आणि डोक्यावरची मोळी

हल्ली आपल्या मंडळींत एक नवी हौस बोकाळली आहे. दिवाळीची सुट्टी लागली, की अर्धे पुणे आणि पाऊण मुंबई हिमालयाच्या वाटेला लागते. आणि तिथे पोहोचल्यावर साध्यासुध्या खोलीत कोणाचा जीव रमत नाही. हवा असतो साहेबाच्या वेळचा बंगला. उंच छत, भल्यामोठ्या खिडक्या, लाकडी तक्तपोशी आणि भिंतीत बांधून काढलेली शेकोटी, म्हणजे ती सुप्रसिद्ध फायरप्लेस! तिच्यात ओंडके धडधडताहेत, अंगावर शाल आहे, हातात चहाचा पेला आहे, असा फोटो परत आल्यावर चार घरी दाखवला नाही, तर प्रवासाचा खर्च सत्कारणी लागला असे वाटत नाही. ज्यांच्या गाठीला निवृत्तीची पुंजी आहे ते तर त्याही पुढे जातात. तसला एखादा बंगला भाडेपट्ट्याने घेऊन तिथेच उरलेले आयुष्य उबेत काढण्याचे बेत करतात.

या हौसेशी मला भांडायचे आहे. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण फराळाच्या ताटात सगळेच गोड असून चालत नाही. आणि हे भांडण नुसत्या चवीसाठीही नाही. त्यात कोणाची तरी मान आणि कोणाचा तरी जीव अडकलेला आहे.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. शाळेत मराठी शिकवतो आणि शास्त्राचे मास्तर रजेवर गेले, की त्यांच्या वर्गावर 'उष्णता' हा धडाही घेतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लष्करातून निवृत्त झाल्यावर कुमाऊँच्या डोंगरात असाच एक जुना बंगला घेऊन राहिले आहेत. मुक्तेश्वरच्या पट्ट्यात. मुक्तेश्वर मराठी माणसाला अगदीच परके असू नये. पुण्यात १८८९ साली निघालेली गुराढोरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा १८९३ साली उचलून तिथेच नेली होती. उंची सुमारे साडेसात हजार फूट. पौष-माघात रात्री बादलीतले पाणी गोठते, मधूनच बर्फ पडते. त्या बंगल्यात मी आजवर चार हिवाळे रजा टाकून राहिलो आहे. तेव्हा ऐकीव माहितीवर मी हा वाद घालत नाही.

बंगला मोठा आहे. नऊ खोल्या, चौदा फूट उंचीची छते, वर पत्रा, दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, एकतीस खिडक्या आणि पाच फायरप्लेस. खिडक्यांची लाकडे शंभर वर्षे ऊन-पाऊस खाऊन अशी वाकली आहेत, की बंद खिडकीतूनही पोस्टकार्ड आत टाकता यावे. दाराखालून येणारा वारा जमिनीवरचे वर्तमानपत्र सरकवतो. दाजी म्हणतात, "मास्तर, घर मोठं आहे, तेव्हा आग मोठी हवी. साधं त्रैराशिक आहे! एका खोलीला एवढं लाकूड, तर नऊ खोल्यांना किती?"

ताई फायरप्लेससमोर हात चोळीत बसलेली असते. ती म्हणते, "तुमचं त्रैराशिक पुढून भाजतं आणि मागून गारठवतं. पाठीवर कोणी बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं बघ."

माझ्या मते त्या घरात शास्त्र कळलेले माणूस एकच आहे, आणि ते दाजी नव्हेत.

त्रैराशिक चुकते कुठे ते पाहू. उघडी आग धुराड्यातून नुसता धूर सोडत नाही. खोलीतली ऊन झालेली हवा ती ओढून ओढून आकाशात फेकते. जेवढी हवा वर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. ती येते खिडकीच्या फटीतून, दाराखालून, शेजारच्या आठ खोल्यांतून. आणि ती असते बाहेरच्या थंडीची. म्हणजे ताईच्या पाठीवरची बर्फाची लादी आणून ठेवतो कोण? समोरची आगच! ती जितकी मोठी कराल तितका वारा जोराने आत येईल. दिवाणखान्यात आग पेटली, की पलीकडच्या खोल्या आधीपेक्षा गार पडतात, हे मी स्वतः तापमापक टांगून पाहिले आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण करणाऱ्याने असा बंगला पाहिला असेल की काय, अशी मला शंका येते.

आता थोडा हिशेब. वाचकांनी दचकू नये. आठवीच्या मुलाला येतो तेवढाच आहे. दाजींचा दिवाणखाना वीस फूट लांब, सोळा फूट रुंद, चौदा फूट उंच. त्या उंचीवर हवा विरळ असते, तरी त्या एका खोलीत सुमारे १२० किलो हवा भरते. ती ३ अंशांवरून १८ अंशांवर न्यायला ४३० किलोकॅलरी लागतात. हे काही फार नव्हे. पण ही हवा खोलीत राहते कुठे? फटी आणि धुराडे मिळून तासाला चार वेळा सगळी हवा बदलतात असे धरले, तर तासाला १,७०० किलोकॅलरी झाल्या. एक किलो वाळलेले लाकूड सुमारे ३,६०० किलोकॅलरी देते. पण भिंतीतली उघडी शेकोटी त्यांतला आठवा हिस्सा खोलीला देते आणि बाकीचा ढगांना. म्हणजे तासाला चार किलो लाकूड केवळ फटींना नैवेद्य! संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत चोवीस किलो. एका दिवाणखान्याचे. तेही नुसत्या हवेचे. भिंती आणि पत्रा जे पितात ते आणखी वेगळे.

हा चोवीसचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याला डोके आणि मान फुटणार आहे.

इथे दाजी आपले शेवटचे अस्त्र काढतात: "अहो, पण भिंती बघा केवढ्या! दोन फूट दगड आहे. आपल्या साताऱ्याच्या वाड्यात उन्हाळ्यात कसं गार वाटायचं!" वाड्याचे नाव निघाले, की मराठी माणूस विरघळतो. पण वाड्याची भिंत काय करते ते नीट समजून घ्या. ती दिवसाची उष्णता हळूहळू पिते आणि रात्री हळूहळू ओकते; दिवस आणि रात्र यांची सरासरी काढून आपल्याला देते. आपल्याकडे ती सरासरी सोसवणारी असते. हिमालयात जानेवारीची सरासरीच मुळी गार! तिथे दगड रात्रंदिवस थंडीच पीत बसतो. उष्णता अडवण्याच्या कामी दगडासारखा नालायक पहारेकरी नाही. दोन फूट दगडातून जेवढी ऊब निसटते, जवळजवळ तेवढीच दोन-तीन बोटे जाडीच्या लाकडी फळीतून निसटते. जाडी पाहून भुलू नये. पैलवान रात्री झोपा काढीत असेल, तर त्याच्या दंडांचा मालकाला उपयोग काय?

पहाडी माणसाला हे न शिकवता ठाऊक होते. कुमाऊँच्या जुन्या गावात हिंडलो, तेव्हा घरांची दारे पाहून मला आधी हसू आले होते. मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. खोल्या ठेंगण्या, झरोके लहान, घराला घर चिकटून लांबलचक ओळ, म्हणजे शेजाऱ्याची भिंत ती आपली भिंत. खालच्या मजल्यावर गुरे, वर माणसे. गुरांच्या त्या मजल्याला ते लोक 'गोठ' म्हणतात; हजार मैलांवर आपला 'गोठा' असा भेटला तेव्हा मला गहिवरून आले. गाई-म्हशींच्या अंगची ऊब जमिनीतून वर येते आणि तिला सरपण लागत नाही. हिमाचलात भिंतींत दगडाच्या थरावर लाकडाचा थर देतात. लडाखात थंडीचे दिवस सारे कुटुंब चुलीच्या खोलीत काढते. बाकीचे घर मोठे असले तरी त्याला त्या दिवसांत कोणी विचारीत नाही. या सगळ्यांचे सूत्र एकच: आग मोठी करू नका, खोली लहान करा.

साहेबाने हे पाहिले नाही. त्याला डोंगरात आपल्या गावाकडचे घर हवे होते. बरे, त्याने निदान आपल्या माणसांचे तरी ऐकायचे! अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ सालीच पुस्तिका छापून सांगितले होते, की भिंतीतली उघडी आग हा लाकडाचा अपव्यय आहे; लोखंडी पेटीत आग घाला आणि ती पेटी खोलीत पुढे आणा. त्या युक्तीचे पेटंट देऊ केले असता त्याने घेतले नाही. लोकांच्या उपयोगाची वस्तू लोकांना फुकट मिळावी म्हणून. पुढे १७९६ साली दुसऱ्या एका बेंजामिनने, म्हणजे काउंट रम्फर्डने, धुराड्याचा गळा अरुंद करा, शेकोटी उथळ करा, तिच्या बाजू तिरप्या करा, म्हणजे धूर जाईल आणि ऊब राहील, असे लिहिले. शंभर वर्षांनी कुमाऊँत बंगले उठले ते धूरही राखणारे आणि ऊबही घालवणारे! आणि आज आपण त्याच वस्तूचे फोटो काढून आणतो.

आता माझी बाजू मांडतो. लाकूड जाळूच नये असे मी म्हणत नाही. बर्फ पडले, की तिथली वीज दोन-दोन दिवस जाते, आणि विजेच्या शेगडीचे तोंड काळे होते. लाकूड पाहिजेच. प्रश्न आहे तो कशात जाळायचे आणि केवढ्या खोलीसाठी जाळायचे याचा.

कशात, याचे उत्तर आपल्या घरात होते. तांब्याचा बंब आठवा. मधोमध उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. आग पाण्याच्या पोटात बसवलेली; बाहेर जाण्यापूर्वी धुराला आपली सारी ऊब पाण्याला देऊनच जावे लागते. मूठभर ढलप्या आणि चार करवंट्या यांवर नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या घराची अभ्यंगस्नाने उरकत. तेच पाणी उघड्या चुलाण्यावर तापवणारीला विचारा, लाकूड किती लागते ते. पहाडातली बुखारी ही या बंबाची बहीण. बंद लोखंडी पेटी, हवेला लहानसे दार, वर पत्र्याची नळी. पाण्याच्या जागी भोवती खोलीतली हवा. चांगली बुखारी लाकडातली निम्म्याहून अधिक ऊब घरात ठेवते. तिच्यात ज्वाळा दिसत नाहीत, फोटो निघत नाही, हा तिचा एकच दोष.

आणि केवढ्या खोलीसाठी, याचे उत्तर ताईने दिले. तिने गेल्या दोन हिवाळ्यांत दाजींशी न भांडता नऊपैकी आठ खोल्यांना कड्या घातल्या. दक्षिणेची, बारा फुटी चौकोनी, ठेंगणी खोली राखली. बहुधा ती पूर्वी नोकरांची असावी. खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या दाबून वर कणकेच्या खळीने कागद चिकटवले. दारावर आईच्या हातची जाड वाकळ टांगली. आठ फुटांवर फळ्यांचे छत ठोकून घेतले. तिथल्या फायरप्लेसचे धुराडे पेंढ्याच्या पोत्याने बुजवून त्यावर 'आत पोते आहे, पेटवू नये' अशी पाटी लावली आणि मधे एक बुखारी बसवली. तिची नळी स्वतंत्रपणे बाहेर काढली आणि आत यायच्या हवेसाठी हाताच्या पंजाएवढे एक भोक मुद्दाम राखले. मी पुन्हा हिशेब मांडला. त्या खोलीची हवा तीस किलोच्या आसपास. फटी बुजल्यामुळे ती तासाला एकदा बदलते असे धरले, तर सहा तासांत हवेपायी जाणारे लाकूड चारशे ग्रॅमही भरत नाही. भिंती-छताचे आणखी काही किलो लागतात खरे, पण भिंतीही आता निम्म्याहून कमी राहिल्या. कुठे चोवीस किलो आणि कुठे हे! दाजी आता त्या खोलीत बसून फायरप्लेसचे गुणगान करतात. माझी त्याला हरकत नाही. उबेत बसून माणसाने काहीही बोलावे.

लाकडाविषयीही दोन शब्द हवेत. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, हे प्रत्येक शाळकरी पोर घोकते आणि परीक्षा संपली की विसरते. ओले लाकूड जाळणारा प्रथम पाणी उकळतो, मग उरले तर शेकतो. शिवाय ओली आग मंद पडते, आणि तिचा अर्धवट जळलेला धूर नळीत डांबरासारखा चिकटतो. एखाद्या रात्री ते डांबरच पेट घेते; म्हणून नळी दर वर्षी थंडीच्या आधी झाडून घ्यावी. चीड भुरभुर जळते आणि काजळी फार धरते. बांज, म्हणजे तिकडचा ओक, सावकाश आणि कडक जळतो. पण फोडून, छपराखाली रचून त्याला एक-दोन वर्षे वाळवावे लागते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. ज्याला पुढच्या वर्षीचे सरपण या वर्षी रचायचा धीर नाही, त्याने लाकडाच्या उबेच्या गोष्टी बोलू नयेत.

आता त्या चोवीस किलोंकडे वळतो. बंगल्यावर लाकूड चालत येत नाही. ते बाईच्या डोक्यावरून येते. कुमाऊँत वनपंचायती १९३१ सालापासून आहेत. गावाच्या राखीव रानातून कोणी, कधी, किती वाळके लाकूड न्यायचे ते ठरलेले असते. पहाटे कोयता आणि दोर घेऊन निघालेली बाई दुपारी मोळी घेऊन उतरते. पंचवीस-तीस किलोंची मोळी. एकदा मी ती उचलून पाहिली. दोघांनी डोक्यावर चढवली आणि वीस पावलांत माझी मान बोलू लागली. ती बाई तीन मैल उतार उतरून आली होती. वाचकहो, आता आमचा हिशेब आणि तिची मोळी शेजारी ठेवा. एका दिवाणखान्यात संध्याकाळभर नुसत्या वाऱ्याला जे खाऊ घातले, ते बरोबर एका बाईची सकाळ-दुपार खाऊन बसले.

"तिला पैसे मिळतात की," असे म्हणणारे असतातच. मिळतात. पण पैशाने मानेचा मणका परत बसत नाही, आणि बांजाचे झाडही उगवत नाही. बांजाच्या रानाखाली पाचोळ्याची जाड गादी असते. पावसाचे पाणी तिच्यात मुरते आणि खाली नौल्यांना, म्हणजे तिकडच्या बांधीव झऱ्यांना, मिळते. रान विरळ झाले, की तीच बाई आधी लाकडासाठी लांब जाते आणि मग पाण्यासाठीही. गढवालातल्या रेणी गावात १९७४ साली गौरादेवी आणि तिच्या सोबतिणी झाडांच्या आड उभ्या राहिल्या, त्या काही निसर्गसौंदर्यावर भाळून नव्हे. झाड गेले की काय काय जाते, ते त्यांना डोक्यावरून आणि कमरेवरून ठाऊक होते. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघर सिलिंडर गेले, हे चांगलेच झाले. पण सिलिंडर भात शिजवतो, खोली तापवत नाही. थंडीत पहाडातली चूल पेटतेच. त्या चुलीसाठी जे वाळके लाकूड पुरवून पुरवून वापरायचे, ते पाहुण्यांच्या फोटोसाठी धुराड्यातून उडवायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

शेवटची गोष्ट मोठी आहे. फटी बुजवा, असे मी म्हणतो. पण तेवढेच वाक्य कापून कोणी घरी नेऊ नये. जिला धुराची नळी नाही अशी कोळशाची शेगडी किंवा अंगीठी बंद खोलीत कधीही ठेवू नये. अर्धवट जळलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. माणसाला झोप येते आणि ती झोप संपत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशी कुटुंबेच्या कुटुंबे जातात. हे आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची चाल आहे. आजीच्या वेळी वर कौले होती आणि प्रत्येक कौलाखालून धूर वाट काढीत होता. तिची शेगडी त्या फटींनी सांभाळली. तीच शेगडी आज सिमेंटच्या छताखाली, काचा लावलेल्या खोलीत, आठ दिवसांच्या बाळाशेजारी ठेवणे म्हणजे आजीची चाल पाळणे नव्हे. चाल तीच राहिली, घर बदलले. धूर डोळ्यांना दिसतो म्हणून आपण खोकतो आणि उठतो. पण दिसणारा धूरही कमी मारक नाही. घरातल्या धुराने २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तेव्हा ज्यांना हिमालयात जायचे त्यांनी खुशाल जावे, पोटभर थंडी अनुभवावी. बुखारीच्या लहान खोलीत सगळ्यांनी दाटीवाटीने बसावे, चकल्या खाव्यात, भेंड्या लावाव्यात. माणसांच्या अंगचीही ऊब असते आणि तिला सरपण लागत नाही. मालकाने मोठेपणाने फायरप्लेस पेटवू का म्हणून विचारले, तर नको म्हणावे. आणि ज्याला नऊच्या नऊ खोल्या तापवल्याशिवाय बंगल्याचे सुख लाभत नाही, त्याने एका दिवसाचे सरपण रानातून स्वतःच्या डोक्यावरून आणावे. किती खोल्यांत राहायचे, हे मग त्याला माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराने सांगायला नको. त्याची मानच सांगेल.